परड्यातली पाथरी

६ ऑक्टोबर १९९६, कुंडल

ही डायरी ह्यांनी मे महिन्यात सुट्टीवर आले तेव्हा दिली. पलटणीची आहे, वर सोनेरी शिक्का. म्हणाले, "बारावी शिकलीयस, लिहीत जा काहीतरी." तेव्हापासून ट्रंकेत पडून होती. आज काढली, कारण आज एक काम सुरू केलं आणि ते सांगायला घरात कोणी नाही.

घरात आम्ही दोघीच. मी आणि आत्ती, म्हणजे सासूबाई. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले. हे काश्मीरला. एरवी नाव घेत नाही, इथं लिहिते: कृष्णात. लग्नाला तीन वर्षं झाली, त्यात आम्ही एका छपराखाली राहिलो ते दिवस सगळे मिळून पाच महिने भरत नाहीत.

काल वडूजहून, माहेरून आले. येताना आईनं फडक्यात बांधून पाथरीचं बी दिलं. आमच्याकडं शाळूच्या रानात पाथरी पायाखाली येते. जमिनीला चिकटून गोल पसरते, पान दातेरी, तोडलं की दुधासारखा चीक. मधून दांडा निघतो, त्यावर पिवळं फूल. सकाळी उघडतं, ऊन तापलं की मिटतं. मग त्याची म्हातारी होते आणि वाऱ्यावर निघून जाते. भाकरीबरोबर कच्ची खायची, वर तेल आणि चटणी. किंचित कडू लागते. इथं कुंडलला नजर जाईल तिथं ऊस, आणि उसात तणनाशक. तीन वर्षांत मला पाथरीचं एक पान दिसलेलं नाही.

परड्यात न्हाणीच्या पाण्याजवळ चार हात जागा खणली, कडेला विटा लावल्या आणि कोथिंबिरीसारखं बोटभर खोल बी पेरलं. आत्ती उंबऱ्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय पेरतीयास?"

"पाथरी."

"तण? तण कुणी पेरतं व्हय?"

एवढंच. आणि आत गेल्या.

१४ ऑक्टोबर

काहीही उगवलं नाही. आमटीत मी मीठ घातलं होतं, आत्तींनी परत घातलं. तोंडात घालवेना. त्या मात्र मुकाट्यानं जेवल्या. मी म्हटलं, "आत्ती, मीठ मी घातलं हुतं की." तर म्हणाल्या, "मग सांगायचं न्हाईस?" डब्याजवळ माझ्यासमोर उभ्या होत्या, मी घालताना बघत होत्या. मला वाटतं मुद्दामच करतात. माझ्या हातची चव त्यांना आवडत नाही, हे सांगायची ही रीत.

ह्यांचं पत्र आलं. पुढची बदली शांत ठिकाणी होईल, तेव्हा क्वार्टरसाठी अर्ज केलाय म्हणे.

२४ ऑक्टोबर

दसरा झाला. अजून वाफा तसाच, फक्त तांदुळजा उगवलाय. आईला कार्ड टाकलं होतं, उत्तर आलं. आईला लिहिता येत नाही, शेजारच्या कुणाकडून लिहून घेतलंय, पण बोलणं तिचंच आहे: "येडे, ते कोणी पेरत नाही. ते वाऱ्यानं पडतं आणि पडल्या जागी उगवतं. तू त्याला पुरलंस."

वाचून हसू आलं. मग लाजही वाटली. लहानपणी म्हाताऱ्या पकडत रानभर पळाले आणि त्या पुढं काय होतात ते कधी बघितलं नाही.

उरलेलं बी राखेत मिसळलं, वरच्या वर भुरकलं, माती घातली नाही. नुसतं तळव्यानं दाबलं. पाणी हातानं हलकेच शिंपडलं. मुंग्या ओढून नेत होत्या म्हणून विटांवरून हळदीची रेघ मारली.

भाऊसो भावजी दूध घ्यायला आले होते. हे ह्यांचे चुलतभाऊ, आमचा ऊस तेच बघतात. वाफा बघून पोट धरून हसले. "आमी तण मारायला पाठीवर पंप घेऊन हिंडतोय, आन् वहिनी तण पेराय लागल्यात!" आत्ती दारातच होत्या. भावजी समोर उभे असताना त्यांनी विचारलं, "कोण, भाऊसो व्हय?" भावजी म्हणाले, "मग दुसरं कोण, काकी?" आत्तींचा बोलण्यातला ताठा हा असा. घरच्या माणसालाही ओळख देताना विचार करतात.

४ नोव्हेंबर

उगवली! नखाएवढी दोन-दोन पानं, मातीच्याच रंगाला लागून. गुडघे टेकून बघितलं तेव्हा दिसली. सकाळपासून चार वेळा परड्यात जाऊन आले.

१० नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

आज लिहायचं नव्हतं, पण राग बसेना. सकाळी आत्ती म्हशीचं पाणी घेऊन परड्यातून गेल्या त्या सरळ माझ्या वाफ्यातून. विटा ओलांडून. निम्मी रोपं चिखलात गेली. मी ओरडले. त्या थांबल्या, पण खाली बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "दिसलं न्हाई."

तीन बाजूंनी विटा, त्यावर पिवळी हळद, आणि दिसलं नाही. सणाचा दिवस म्हणून गप्प बसले. पण मनात आलं ते लिहिते: ह्या बाईला मी ह्या घरात नकोय.

२६ नोव्हेंबर

वाचलेली रोपं चांगली पसरली, बशीएवढी झाली. शेणखत घातलेल्या कोपऱ्यात पानं मोठी पण लुसलुशीत, चीक कमी. जिथं काही घातलं नाही तिथली लहान, पण वास अगदी वडूजच्या रानाचा. म्हणजे हिला लाड नकोत. पाणीही आठ दिवसांनी एकदा पुरतं.

आज मोठी बातमी. ह्यांना झाशीला क्वार्टर मिळाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात न्यायला येतो म्हणून लिहिलंय. दोन खोल्या, नळ, मागं थोडी जागा.

पत्र आत्तींना वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, गप्प होतील, निदान एक सुस्कारा टाकतील. तर लगेच म्हणाल्या, "जा की मग. आतापासनं बांधाबांध कर. हितं काय ठेवलंय?"

"तुमी एकट्या कशा राहशीला?"

"आजवर कोण हुतं? म्हस हाय, भाऊसो हाय. तू बिनघोर जा."

तीन वर्षं त्यांचं पाणी भरलं, दोनदा आजारपण काढलं. एका वाक्यात सोडून दिलं.

५ डिसेंबर



सकाळी पलूसच्या बाजारात गेले होते. दुपारी आले तर आत्ती खुरपं घेऊन परड्यात बसलेल्या, आणि सगळा वाफा उकरलेला. पाथरी मुळापासून तोडून बाजूला टाकलेली, ऊन लागून मऊ पडलेली. फुलाचे दांडे आले होते, तेही. आणि गंमत म्हणजे हरळी तशीच उभी! खुरपायला बसलेल्या बाईनं हरळी ठेवली आणि माझी पाथरी काढली. याला काय म्हणायचं?

मी म्हटलं, "आत्ती, हे काय केलंसा?"

त्या हसल्या. खरंच हसल्या. "लय गवत माजलं हुतं तुझ्या वाफ्यात. म्हटलं तू येस्तवर काढून टाकावं."

मी आत आले आणि दार लावून घेतलं. त्यांनी बाहेरून दोन हाका मारल्या. मी ओ दिली नाही.

९ डिसेंबर

चार दिवस कामापुरतंच बोलणं. आत्तींना काय झालंय ते उमगलंय की नाही कोण जाणे. काल त्या वाफ्याजवळ बसून मातीवरून हात फिरवत होत्या. मला बघून उठल्या. उठताना भिंतीला हात लावला.

मी तिकडं जाणं सोडलंय. पाणीही घालत नाही. झाशीला न्यायचं सामान ट्रंकेत भरायला घेतलं.

२७ डिसेंबर

आज धुणं वाळत घालायला गेले आणि थबकले. वाफ्यात पाथरी आहे! पूर्वी होती त्याच्या दुप्पट. ओळीत नाही, कुठंही, जिथं जिथं खुरपं बसलं होतं तिथं तिथं. एक रोप बोटानं हळू उकरलं. खाली पेनाच्या टोपणाएवढा मुळीचा तुकडा, आणि त्याच्या एका टोकाला तीन कोंब. दुसरं उकरलं, तसंच. आत्तींच्या खुरप्यानं मुळ्या तुटल्या, तुकडे मातीत राहिले आणि एकेका तुकड्याची दोन-दोन, तीन-तीन झाडं झाली.

आईला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. पाथरी लावायची ती बी पेरून नाही. जून मुळी घ्यायची, बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करायचे, वरचं टोक वर राहील असे तिरपे खोचायचे, वर नखभर माती. मग तिला विसरायचं. आज असे बरेच तुकडे दुसऱ्या वाफ्यात लावले.

खूप दिवसांनी जेवताना आत्तींशी आपण होऊन बोलले. म्हटलं, "तुमी उपटलेली पाथरी परत आली."

त्यांचा घास हातातच राहिला. "पाथरी? मी पाथरी उपटली?"

"मग काय उपटलंसा?"

 त्यांनी ताट सारलं. इतकं मनाला लावून घेतील असं वाटलं नव्हतं. मलाच वाईट वाटलं.

५ जानेवारी १९९७

आज पहिली काढणी. गड्डा उपटायचा नाही, बाहेरची पानं तेवढी खुडायची. जोंधळ्याच्या भाकऱ्या केल्या. आत्तींनी एक पान हातात घेतलं, तोडलं, चीक बोटावर घेऊन जिभेला लावला, मग कडेच्या दातांवरून अंगठा फिरवला. "व्हय. हीच."

मग बोलायला लागल्या. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. रानाला पाणी यायच्या आधी इथंही शाळू असायचा आणि पाथरी माजायची. सासरे मळ्यातून येताना डोक्याच्या टापशात बांधून आणायचे. "मी नवी नवरी. भूक लय, पर मागायची लाज. त्येंनी एकदा पाथरीत गुळाचा खडा लपवून आणला." असं म्हणून पदर तोंडाला लावून हसल्या.

मला वाटलं, दोन महिन्यांनी जायचंय, आणि ही बाई मला आत्ता भेटतीय.

१५ जानेवारी

काल संक्रांत. आज जे झालं ते नीट क्रमानं लिहिते.

सकाळी आत्ती म्हणाल्या, आज पाथरी मी आणते. परड्यात गेल्या, ओटीत पानं घेऊन आल्या, ताटात ठेवली. धुवायला घेतली तर त्यात निम्मं गाजर गवत. विटांच्या बाहेर माजलंय, तेच. पाथरी आणि गाजर गवत! साठ वर्षं रानात गेलेली बाई, शाळकरी पोरसुद्धा हे चुकणार नाही.

मी ताट घेऊन त्यांच्याकडं बघितलं. त्या माझ्या दिशेनं बघत होत्या, पण माझ्या डोळ्यांत नाही, थोडं बाजूला. तशी मी उठले आणि आवाज न करता दाराकडं सरकले. त्यांची नजर होती तिथंच राहिली. मी बसले होते त्या जागेशी त्या बोलल्या, "चिरलीस का गं?"

जवळ गेले, हनुवटीला हात लावून तोंड उजेडाकडं वळवलं. दोन्ही बुबुळांवर पांढरं. डाव्यात तर सायीसारखं. तीन वर्षं रोज समोर असलेला चेहरा, आणि मी तो असा धरून कधी बघितलाच नव्हता.

"आत्ती, तुमाला दिसत न्हाई."

"दिसतं की. उजेड दिसतो. माणूस हाललं की कळतं."

"कवापासनं?"

"दोन पावसाळं झालं. पहिल्यांदा नुसतं धुकं वाटायचं."

"आन् मला सांगितलं न्हाई?"

त्या माझा हात चाचपत म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू क्वार्टरीत गेली असतीस व्हय?"

 मीठ, विटा, खुरपं, भाऊसो भावजींना विचारलेलं "कोण," "बांधाबांध कर," सगळं एकदम समोर आलं. मी चुलीपाशी बसून रडले. त्या म्हणत होत्या, "आगं पाथरी धू, पाथरी," आणि त्यांनाही रडू येत होतं.

मागची पानं आज परत वाचली. दहा नोव्हेंबरचं वाक्य खोडावंसं वाटलं. नाही खोडलं. राहू दे, मला दिसेल असं.

२२ जानेवारी

मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. भाऊसो भावजी बरोबर होते, जीपमध्ये सारखं म्हणत होते, "काकी, मी रोज दूध न्यायला येतोय आन् मलाबी कळलं न्हाई."

डॉक्टर सावकाश बोलणारे. दोन्ही डोळे तपासून मला बाहेर बोलावलं. मोतीबिंदू आहे. उजव्याचं ऑपरेशन करू, भिंग बसवू, आशा चांगली आहे. डाव्याला उशीर झाला. फार पिकून आत दाब वाढलाय, त्याची नस गेली. "डोकं दुखत असेल गेल्या पावसाळ्यात, उलट्याही झाल्या असतील. काही बोलल्या नाहीत?"

बोलल्या होत्या. ऑगस्टमध्ये तीन दिवस पडून होत्या. मी पित्त समजून आलेपाक दिला. माझ्या दोन आजारपणांच्या हिशेबातलं ते एक.

आत जाऊन आत्तींना सांगितलं, डाव्याचं जमणार न्हाई. त्या म्हणाल्या, "एक पुरं हाय. सुईत दोरा ओवताना माणूस एकच डोळा वापरतं."

३१ जानेवारी, मिरज

काल ऑपरेशन झालं. आज पट्टी काढली. आत्तींनी डोळा मिचकावला, पाणी आलं, परत मिटला. डॉक्टरांनी बोटं दाखवली, त्यांनी ती बरोबर सांगितली, पण सांगताना बघत माझ्याकडं होत्या. मग हात करून मला जवळ बोलावलं.

"किती वाळलीयास गं. गळ्याची हाडं दिसाय लागल्यात. जेवत न्हाईस?"

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. म्हणाली, "लेक हाय व्हय?"

आत्तींनी डोळा पुसला. "हाय."

८ फेब्रुवारी

घरी आलो. डोळ्यात औषधाचे थेंब दिवसातून सहा वेळा, धुरात जायचं नाही, वाकायचं नाही. आत्ती ऐकत नाहीत. आज सकाळी काळा चष्मा लावून हळूच परड्यात गेल्या. मी मागोमाग. दोन्ही वाफ्यांत पाथरी फुलली होती, सकाळची वेळ, सगळी फुलं उघडी. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाल्या, "हे मी उपटलं हुतं?"

"व्हय. म्हणून तर एवढं झालं."

"पिवळा रंग लय दिसांनी बघितला," म्हणाल्या, आणि मला म्हशीखालचं शेण काढायला पिटाळलं.

२० फेब्रुवारी

ह्यांना पत्र लिहिलं होतं की मी येत नाही, आत्तींची तब्येत बघायची आहे. ते टाकायला भाऊसो भावजींकडं दिलं. भावजींनी ते टाकलंच नाही, आत्तींना वाचून दाखवलं. मग आज जे भांडण झालं! तीन वर्षांत आम्ही दोघी असं तोंडावर भांडलो नव्हतो, बरं वाटलं खरं तर.

"मी डोळा कापून घेतला त्यो तुला घरात बसवून ठेवायला न्हाई," आत्ती कडाडल्या.

मी म्हटलं, "आन् परत काय झालं तर? तुमी सांगणार न्हाईसा. तुमच्यावर माझा भरवसा न्हाई."

हे त्यांना लागलं. जरा वेळानं शांत होऊन म्हणाल्या, "सांगंन. ह्या खेपेला सांगंन. शपथ घेऊ?"

"शपथ नगं. दर पंधरवड्याला भाऊसो भावजींकडनं पत्र. आन् सहा महिन्यांनी मिरजेला दाखवायचं, तवा मी येणार. आन् उन्हाळ्यात तुमी झाशीला."

"म्हस?"

"म्हस भावजींकडं."

त्यांनी मान डोलावली. मी जाते की नाही, हे अजून माझं मलाच नक्की नाही. जायचं आहे. त्याचीच लाज वाटते.

२ मार्च

हे काल आले. आईचा डोळा बघून बाहेर जाऊन एकटेच उभे राहिले. "तू मला का लिहिलं नाहीस?" म्हणाले. मी डायरी त्यांच्या हातात दिली. मिटून परत दिली त्यांनी. म्हणाले, "तुझी आहे. तोंडानंच सांग." दिवस मावळेपर्यंत मी सांगत बसले.

आज दुपारी आत्ती स्वतः चार मुळ्या काढून देत होत्या, ओल्या फडक्यात. खुरपं कुठं लावायचं हे आता मी त्यांना सांगत होते आणि त्या मला.

९ मार्च, गाडीत

मिरजेहून येणाऱ्या गाडीनं पुण्याला, तिथून पुढं झाशी. किर्लोस्करवाडीच्या स्टेशनवर आत्ती आणि भाऊसो भावजी सोडायला आले होते. आत्ती नवं लुगडं नेसल्या होत्या. जीपमधून उतरताना मी हात पुढं केला, त्यांनी घेतला नाही. फलाटाच्या पायऱ्याही एकट्या चढल्या, भिंतीला न धरता.

गाडीला वेळ होता. हे आणि भावजी सामानापाशी. आम्ही दोघी बाकावर. बोलायचं खूप होतं, पण आत्ती मला जेवणाचंच सांगत होत्या, भाकरी कशात बांधलीय, चटणी कुठं आहे. मी व्हय व्हय म्हणत होते. 

मी रुळांकडं बघत होते. डोळे भरून सगळं पाणी पाणी झालेलं, ऊन आणि रूळ एकात एक मिसळलेले.

आत्तींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मिरजेच्या बाजूला, लांब, बोट केलं.

"आली बघ गाडी."

"कुठं?" मी म्हटलं. मला काहीच दिसत नव्हतं.

"आगं ती काय. ऊठ आता."